स्फोटकांचे सामर्थ्य आणि स्थैर्य

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर बाजारगाव, कोंढाळी ही गावे मागे पडली की वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे ठिकाण लागते. संत्र्याच्या बागांचा हा परिसर काळ्या कातळावर वसलेला आहे. विहीर खोदताना मुरूम संपून कातळ लागला की पहारीचे काही चालत नाही. तेथे सुरुंगच लावावा लागतो. साहजिकच, स्फोटक द्रव्य ही येथील शेतकऱ्याला अपरिचित वस्तू नव्हे. बाजारगाव येथे स्फोटकांचा मोठा कारखाना आहे, तर वर्धा जिल्ह्यातच पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. भंडारा व भद्रावती येथे आयुध निर्माणी आहेत. देशभरातील स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही नागपूर येथेच आहे. म्हणूनच या द्रव्यांमागील शास्त्र विदर्भातील नागरिकांनी समजून घेणे अगत्याचे ठरते.

सामर्थ्य कशात असते?

एक ग्रॅम तूप पूर्णपणे जळाले तर सुमारे ३७ किलोजूल ऊर्जा मिळते. एक ग्रॅम टीएनटीच्या स्फोटातून मात्र सुमारे ४.२ किलोजूल एवढीच ऊर्जा बाहेर पडते. मग तुपाच्या दिव्याने देवघर उजळते आणि टीएनटीने खडक फुटतो, असे का? याचे उत्तर वेगात आहे. तुपाला जळण्यासाठी हवेतून प्राणवायू घ्यावा लागतो व तो हळूहळू मिळतो. टीएनटीच्या रेणूत मात्र इंधनाचा अंश आणि प्राणवायू शेजारी शेजारी बांधलेले असतात. धक्का बसताच त्यांचा संयोग होतो आणि विस्फोटाची लाट त्या पदार्थातून सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर वेगाने धावते. क्षणार्धात निर्माण झालेल्या तप्त वायूंना पसरायला अवसर मिळत नाही. त्यांचा प्रचंड दाब हेच स्फोटकाचे सामर्थ्य होय.

पदार्थाची घनता जितकी अधिक, तितका हा वेग वाढतो. आरडीएक्समध्ये तो सेकंदाला सुमारे ८,७०० मीटर, तर एचएमएक्समध्ये सुमारे ९,१०० मीटर असतो. सीएल-२० हे संयुग याही पुढे जाते.

स्थैर्याची कसोटी

तथापि केवळ सामर्थ्य असून भागत नाही. स्फोटक द्रव्य वर्षानुवर्षे कोठारात शांत राहिले पाहिजे. हाताळताना पडले, घासले गेले किंवा तापले, तरी ते पेटता कामा नये. बंदुकीच्या व तोफेच्या दारूतील नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होत असते. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड या विघटनाला आणखी गती देतात. म्हणून त्यात डायफेनिलअमाइनसारखे स्थिरक मिसळतात. हे स्थिरक ते ऑक्साइड शोषून घेतात, परंतु कालांतराने स्वतः संपत जातात. यास्तव जुन्या साठ्याची ठरावीक काळाने तपासणी करणे अपरिहार्य असते.

उष्णता ही या विघटनाची मोठी साथीदार. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, ही बाब या दृष्टीने क्षुल्लक नाही. शुद्ध टीएनटी सुमारे ८१ अंशांना वितळते. परंतु त्यात अशुद्ध घटक राहिले असल्यास कमी तापमानातच तेलकट द्रव पाझरू लागतो. दिनांक ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या भांडारात लागलेल्या भीषण आगीत अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरण्याचा प्रश्न प्रामुख्याने पुढे आला. प्रयोगशाळेत किरकोळ वाटणारी अशुद्धी कोठारात माणसांच्या जिवावर बेतू शकते.

संशोधनाची दिशा

सामर्थ्य वाढवावे तर स्थैर्य बहुधा घटते. ही कोंडी सोडविणे हेच या क्षेत्रातील संशोधनाचे सूत्र आहे. पुणे येथील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा (एचईएमआरएल) या कामी अग्रेसर आहे. १९०८ साली नैनिताल येथे छोट्या स्वरूपात सुरू झालेली ही संस्था १९६० मध्ये पुण्यास आली आणि १९९५ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले.

अशा प्रयोगशाळांत नव्या संयुगाच्या अत्यल्प नमुन्यावर ठरावीक उंचीवरून वजन टाकले जाते, घर्षणाची चाचणी घेतली जाते. निर्वात नळीत नमुना कित्येक तास तापवून त्यातून किती वायू निघतो, हेही मोजतात. वायू जितका कमी, तितके स्थैर्य अधिक. या शोधातून टीएटीबीसारखी संयुगे पुढे आली. त्याच्या रेणूंमधील हायड्रोजन बंध इतके भक्कम असतात की आघात किंवा उष्णता ते सहज सोसते. त्याबदल्यात आरडीएक्सच्या मानाने थोडे सामर्थ्य सोडावे लागते.

गावपातळीवरील दक्षता

विहिरीच्या कामी वापरली जाणारी कांडी आजही ‘जिलेटीन’ याच नावाने ओळखली जाते. वस्तुतः नायट्रोग्लिसरीनवर आधारित स्फोटकांवर भारतात २००४ पासून बंदी आहे. आजच्या कांडीत प्रामुख्याने अमोनियम नायट्रेट व पाणी असते आणि ती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. मात्र तिला चेतविणारा डिटोनेटर तितकाच नाजूक राहिला आहे. म्हणून कांड्या व डिटोनेटर एकत्र ठेवू नयेत, न उडालेला सुरुंग उकरू नये आणि हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. अमोनियम नायट्रेटच्या स्फटिकांची रचना ३२ अंशांच्या आसपास बदलते. ऊन-गारव्याच्या फेऱ्यांत त्याची ढेकळे बनतात. बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या अशाच २,७५० टन साठ्याचा ४ ऑगस्ट २०२० रोजी झालेला स्फोट सर्वविदित आहे. भारतात या पदार्थासाठी २०१२ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत.

दिनांक २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावनजीक सोनेगाव (आबाजी) येथे दारूगोळा नष्ट करण्याच्या कामी झालेल्या स्फोटात सहा जणांचा मृत्यू झाला. परिसरातील मजूरही त्यांत होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या कारखान्यात नऊ कामगार दगावले. त्यांपैकी सहा स्त्रिया होत्या. रोजगारासाठी या कामाकडे वळणारे हात आपल्याच गावांतील आहेत. रानात सापडलेला धातूचा अनोळखी तुकडा भंगार समजून उचलू नये, त्याची वर्दी तत्काळ पोलिसांस द्यावी, ही गोष्ट ग्रामसभेत आणि शाळेच्या वर्गात वारंवार सांगितली गेली पाहिजे. संयुग स्थिर राखण्याचे काम शास्त्रज्ञ करीत आहेत. त्याच्या सान्निध्यात वावरणाऱ्यांना सावध राखण्याचे काम मात्र गावानेच अंगावर घ्यावयाचे आहे.