नॅनो लोह अंगी किती लागते?

'नॅनो' हा शब्द आपल्या भागात आता कोणाला नवा राहिलेला नाही. 2009 साली तो छोट्या मोटारीबरोबर रस्त्यावर आला, 2021 पासून नॅनो युरियाच्या बाटलीबरोबर शेताच्या बांधावर पोहोचला, आणि आता तो खाण्याच्या डब्यांवर आला आहे. नॅनो लोह, नॅनो जस्त, नॅनो कॅल्शियम, चांदीचे पाणी अशी त्याची अनेक रूपे आहेत. विकणारा सांगतो, "कण इतका बारीक आहे की थेट रक्तात जातो." घरात मुलगी फिकट दिसत असली, सून बाळंतपणाला आलेली असली, की अशा डब्यावर शेकडो रुपये खर्च करताना हात आखडत नाही. ते साहजिकच आहे. परंतु मोलमजुरी करणाऱ्या घराचा हा पैसा कारणी लागतो का, हे पाहणे आम्हांस आवश्यक वाटते. सर्वच खनिजांचा विचार येथे शक्य नाही. आम्ही मुख्यतः लोहाचा करणार आहोत, कारण आपल्या घरांतील खरा प्रश्न तोच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये आणि 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला.

प्रथम नॅनो म्हणजे काय ते पाहू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारणपणे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, यावरून कल्पना यावी. विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे एकूण पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ 6,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होते! वजन तेवढेच, पण जठरातील आम्लाला झोंबायला दीड एकर रान मिळाले. त्यामुळे एरवी न विरघळणारा पदार्थ लवकर विरघळतो. नॅनोचा खरा फायदा आहे तो येथे, आणि तो खोटा नाही.

परंतु विरघळणे वेगळे आणि रक्तात जाणे वेगळे. लोह जठरातील आम्लात विरघळते, पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात येते आणि तेथील पेशींवरच्या एका ठराविक प्रथिनाच्या दारातून आत शिरते. हे दार फेरस रूपातील लोहाला उघडते. फेरिक असेल तर आधी त्याचे फेरस व्हावे लागते. (दहावीच्या मुलांना हे दोन शब्द ठाऊक असतातच.) पेशीत गेलेले लोह रक्तात सोडायचे की नाही, हे यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक ठरवते. अंगात साठा भरपूर असेल तर हेप्सिडिन वाढते आणि वाट अडते. साठा कमी असेल तर वाट मोकळी होते.

एवढा कडक पहारा का? प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण लोह अवघे 3 ते 4 ग्रॅम. रोज 1 ते 2 मिलिग्रॅम आत येते आणि जवळपास तेवढेच गळणाऱ्या पेशींबरोबर व रक्तस्रावातून जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराजवळ नाही. ते यकृतात, हृदयात साठत राहते व इजा करते. म्हणून "थेट रक्तात जातो" हे विक्रेत्याचे वाक्य खरे असते, तर ती त्या डब्याची खोड ठरली असती!

झुरिच येथील शास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर काम केले आहे. अन्नात मिसळण्यासाठी त्यांना फेरिक फॉस्फेट हवे होते, कारण त्याने अन्नाचा रंग व चव बिघडत नाही. पण ते नीट विरघळत नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना भात-भाजीच्या जेवणातून ते दिले गेले. सर्वांत बारीक कणांचे लोह जाड भुकटीपेक्षा 5.4 पट अधिक अंगी लागले. मोठा आकडा आहे, जाहिरातीत शोभेल असा. परंतु त्याच अभ्यासात साध्या फेरस सल्फेटशी तुलना केली, तेव्हा नॅनोकण त्याच्या 72 टक्क्यांपर्यंतच पोहोचले. शिवाय उंदरांवरील प्रयोगात असे दिसले की, हे लोह बहुतांशी त्याच नेहमीच्या दारातून आत जाते. म्हणजे बारीक केल्याने मागे पडलेले लोह पुढच्याच्या जवळ आले, पुढे गेले नाही. आणि तो पुढचा, फेरस सल्फेट, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत असतो.

जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. निसर्गाने नॅनो लोह पूर्वीच केले आहे. डाळी-कडधान्यांत फेरिटिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या पोकळीत सुमारे आठ नॅनोमीटरचा लोहाचा गोळा साठवलेला असतो. कळण्याची भाकर खाणाऱ्या खान्देशी माणसाला तो उडदातून आपोआप मिळतो, डब्याची गरज पडत नाही.

आता सुरक्षिततेचे. जो कण जठरात विरघळून जातो, तो पुढे साधे लोह किंवा साधे जस्त होतो. त्याचे धोके मात्रेवर अवलंबून असतात. जो विरघळत नाही व कण म्हणूनच अंगात शिरू शकतो, त्याची चिंता निराळी. मिठाई-गोळ्यांना पांढरेपणा आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये काही कण नॅनो आकाराचे असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2021 मध्ये ते खाद्यपदार्थांत सुरक्षित मानता येणार नाही असे मत दिले, आणि 2022 मध्ये युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली. चांदीची शरीराला गरजच नाही. चांदीचे पाणी दीर्घकाळ पिणाऱ्यांची त्वचा निळसर-राखी होते व ती पुन्हा पूर्ववत होत नाही.

भस्मांविषयी आम्हांला नेहमी विचारले जाते. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांना 2009 मध्ये जसद भस्मात जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण आढळले, हे खरे आहे. परंतु कण नॅनो आहेत एवढ्याने औषध सुरक्षित ठरत नाही. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली; त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. जाणत्या वैद्याने रुग्ण पाहून दिलेले भस्म एक, आणि बस स्टँडवर बिनलेबलाच्या पुडीत मिळणारे दुसरे. दुसरे घेऊच नये, गरोदर स्त्रीने व मुलांनी तर मुळीच नाही.

डबा घ्यायचाच असेल तर अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक आणि एका मात्रेत प्रत्यक्ष लोह किती मिलिग्रॅम, हे पाहावे. खाद्य-पुरवणीला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. असा दावा छापलेला दिसला की डबा परत ठेवावा.

सरकारी गोळीबद्दल तक्रार असते की "ती मानवत नाही." मळमळ होते, शौचास काळे होते. काळे होणे निरुपद्रवी आहे. मळमळ जेवणानंतर घेतल्यास कमी होते. 2018 पासूनच्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी, तर गरोदर मातांना 180 दिवस रोज एक लाल गोळी दिली जाते. दोन्हींत 60 मिलिग्रॅम लोह असते. गोळी वाया जाते ती बहुधा चहामुळे. जेवण झाले की चहा, ही आपली सवय. चहातील टॅनिन लोहाला बांधून टाकते. तास-दोन तास चहा टाळावा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, लिंबू, पेरू किंवा आवळा सोबत असावा. भाजी लोखंडी कढईत करावी. केळ्यावर मात्र विसंबू नये. कापलेले केळे काळे पडते ते लोहामुळे, असा आपल्या केळीच्या जिल्ह्यात समज आहे. ते एका विकरामुळे काळे पडते, आणि 100 ग्रॅम केळ्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते.

गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दहा किलो वजनाच्या बाळाने अशा दहा गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावी. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत आणि विदर्भातील बौद्ध कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो, आणि आपल्या सोयरिकी विदर्भात होतच असतात. सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार रक्त द्यावे लागले तर अंगात लोह आधीच साठत असते. त्यावर नॅनो असो वा साधे, मनाने लोह घेणे घातक. दीड-दोन महिने गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, किंवा नात्यात सिकलसेल असेल, तर दुसरा डबा आणण्याआधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन सिकलसेलची तपासणी मागून घ्यावी. लग्न ठरवतानाही मुलगा-मुलगी दोघांची करावी.