तेलाच्या मागावर चाळीस वर्षे

२० ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, बेमिजी गावाजवळ, कच्चे तेल वाहून नेणारी वाहिनी फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. बरेचसे उपसून, जाळून, माती खोदून काढले गेले. पण चारेक लाख लिटर मागे राहिले. वाळूच्या थरांतून झिरपत ते भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचले आणि तिथेच मुरून बसले. भूजल ज्या दिशेने वाहते, त्या बाजूला ३०० मीटरवर एक लहान तळे आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे संशोधक १९८३ पासून या जागेवर पाळत ठेवून आहेत.

पाण्यावर तरंगणारे तेल निदान दिसते. खरी काळजी त्यातून पाण्यात विरघळणाऱ्या बेन्झिनची. दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. जिभेला बेन्झिनची चव कळते ती याच्या किमान पन्नासपट प्रमाण झाल्यावर, आणि नाकाला त्याहूनही उशिरा. पेट्रोल पंपाशेजारच्या विहिरीचे पाणी हुंगून ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे.

म्हणून निरीक्षण विहिरी लागतात. नाव विहीर, प्रत्यक्षात जमिनीत उतरवलेल्या अरुंद नळ्या. पाणी आत यावे म्हणून खालच्या भागाला बारीक चिरा. एखादी नळी गळतीच्या वरच्या अंगाला घालतात, म्हणजे मूळचे पाणी कसे होते ते कळते. बाकीच्या प्रवाहाच्या दिशेने. नळीत साचून राहिलेले पाणी आधी काढून टाकायचे, मग नमुना घ्यायचा. काचेची लहान बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये, कारण बेन्झिन लगेच उडून जाते. लगोलग बर्फात ठेवायची. इथे हयगय झाली तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते.

बेमिजीत १९९६ पर्यंत भूजल सुमारे ५०० मीटर पुढे गेले होते, दूषित पाण्याचा पट्टा मात्र सुमारे २०० मीटरवरच होता. मातीतले सूक्ष्मजीव तेलातली द्रव्ये खात होते. प्राणवायू संपला तरी त्यांचे काम थांबले नाही. काही जिवाणू प्राणवायूऐवजी मातीच्या कणांवरचे लोहाचे गंजासारखे थर वापरतात, तर काहींच्या कामातून मिथेन निघतो. निसर्गच सफाई करतो, असा दिलासा यातून अनेकांना मिळाला.

तो दिलासा अपुरा निघाला. त्या लोहाच्या थरांना मूळचेच थोडे आर्सेनिक चिकटलेले होते. थर विरघळले, तसे तेही पाण्यात आले. काही नमुन्यांत ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वीसपटींहून अधिक भरले. पुढे जिथे मातीत लोहाचे थर शाबूत आहेत, तिथे ते पुन्हा चिकटते. पण सूक्ष्मजीव तिथवर पोहोचले की परत सुटते. तेलगळतीच्या जागी तपासणीची यादी तेलातल्या द्रव्यांवरच थांबली, तर हे आर्सेनिक सापडणार नाही. ते तेलातून आलेलेच नाही.