आधी महिना, मग जंगल!

पहिल्या पगारातून आफ्रिकन सफारी करायचं स्वप्न बघताय? मग पार्कचं नाव नंतर. आधी सुट्टी कधी मिळणार ते बघा. कारण विल्डबीस्टचे लाखोंचे कळप पावसामागे फिरतात. फेब्रुवारीत ते टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात, पिल्लंही तेव्हाच जन्मतात. मारा नदी ओलांडण्याचा थरार साधारण जुलै ते ऑक्टोबर. मे महिन्यात केनियातल्या मसाई मारात गेलात, तर सिंह भेटतील, पण हा थरार हुकेल. हत्ती बघायचेत? केनियातलंच अंबोसेली. गेंडे? लेक नाकुरू. बजेट टाइट आहे? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवत फिरता येतं, चौघांत खर्च वाटला जातो. आणि हो, केनियाला जाणार असाल तर यलो फीवरची लस किमान १० दिवस आधी घ्याच. नाहीतर परतल्यावर थेट क्वारंटाइन!