बाहुलीच्या हौदावरचं नाव
घराण्यांचा माग : लेखांक ७

गेल्या आठवड्यात कुलवृत्तान्त कसा वाचायचा ते पाहिलं. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे अशी वेल खाली उतरत जाते. मुली बहुतेक ठिकाणी गळलेल्या असतात. एखादीचं नाव असलंच, तर ती कुणाकडे दिली एवढं सांगून रेघ थांबते. आजच्या घराण्याचा माग मात्र एका मुलीच्या नावापासूनच लागतो, आणि ते नाव कागदावर नाही, दगडावर आहे.

पुण्याच्या बुधवार पेठेत फरासखान्याच्या कोपऱ्यावर बाहुलीचा हौद आहे. दगडूशेठच्या गणपतीला जाणारी हजारो माणसं त्याच्या शेजारून जातात. हौदावरचा लेख देवनागरीत आहे. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी आपली दिवंगत कन्या काशीबाई हिच्या स्मरणार्थ हा हौद बांधला, एवढंच तो सांगतो. पुढे तिच्या जन्माचं साल १८६९ आणि मृत्यूचं १८७७. आठ वर्षांचं आयुष्य! हौदावर लहान मुलीची, बाहुलीसारखी मूर्ती होती, म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिलं.

विश्रामजींचा जन्म १८३३चा, गवळी समाजातला. ते लष्करात शल्यचिकित्सक होते. १८५७चा वणवा पेटला तेव्हा त्यांचं वय चोवीस. त्या काळची शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर आणायला हवी. क्लोरोफॉर्म येऊन दहाच वर्षं झाली होती, आणि लिस्टरचं कार्बोलिक यायला आणखी दहा वर्षं होती. जखम चिघळली की हात किंवा पाय कापायचा आणि मग वाट बघायची. अशा काळात तयार झालेला हा हात पुढे पुण्यात नावाजला. व्हाइसरॉयचे मानद सर्जन झाले, रावबहादूर झाले. पण मला त्यांचा मोठेपणा दुसऱ्या ठिकाणी दिसतो. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला, आणि सरकारदरबारी वजन असलेला हा माणूस त्या समाजात उघडपणे वावरला.

त्यांनी काशीला शिकवायला घेतलं. ते नातलगांना खुपलं आणि काचेची पूड घातलेला लाडू तिला दिला गेला, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दगड मृत्यूचं कारण सांगत नाही. घराण्याचा इतिहास लिहिताना हे दोन्ही लिहावं, पण एकाच ओळीत नाही. दगडावरचं ते दगडाचं, आणि तोंडी आलेलं ते तोंडी आलेलं म्हणून.

स्मारक हौदाचंच का? नळ घरोघरी पोचण्याआधी पेठांची तहान हौद भागवत. पेशवाईत कात्रजच्या तलावातून दगडी नळानं आणलेलं पाणी हौदांत पडे, आणि कुणी कुठल्या हौदावर यायचं हे जात ठरवी. फुल्यांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. घोल्यांनीही लेकीच्या नावाचं पाणी सगळ्या जातींसाठी मोकळं ठेवलं.

मग त्यांनी धाकट्या लेकीला, गंगूबाईला शिकवलं. एक मूल गेल्यावर, त्याच गावात, त्याच नातलगांच्या डोळ्यांदेखत दुसरीच्या हाती पाटी देताना त्या घरात काय बोलणं झालं असेल? या घराण्याच्या हकिगतीत मी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो इथे.

१८८८मध्ये फुल्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. उपचार केले घोल्यांनी. त्यानंतर जोतीराव डाव्या हातानं लिहू लागले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांनी तसंच पुरं केलं.

विश्रामजी १९००मध्ये वारले. शिवाजीनगरचा घोले रस्ता त्यांच्याच नावाचा, आणि महात्मा फुले वस्तुसंग्रहालय त्याच रस्त्यावर आहे.

पुढच्या आठवड्यात फुल्यांच्या घरातला डॉक्टर : दत्तक मुलगा यशवंत. लष्करातली नोकरी, १८९७चा प्लेग आणि सावित्रीबाईंनी त्याला धाडलेलं बोलावणं.