रानवाटेवरील चाकाची खुर्ची

मार्गशीर्ष लागला कीं जळगांव जिल्ह्यांत घरोघर भरिताचे बेत ठरूं लागतात. शेतांत जावें, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करावा, त्यावर हिरवीं, टपोरीं वांगीं भाजावीं आणि कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खावें, हाच खानदेशी कुटुंबाचा खरा वनविहार होय. (या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, यांत नवल नाहीं.) परंतु ज्या घरांत कोणाचे पाय लुळे आहेत, त्या घरच्या सहलीचें चित्र निराळें असतें. मंडळी बांध ओलांडून निंबाखालीं जातात आणि आजोबा, किंवा दहा वर्षांची मुलगी, सडकेच्या कडेला मोटारींत बसून राहतात. भरिताचें ताट त्यांस तेथें आणून देतात, हें खरें; पण जाळ, धूर आणि त्या भोंवतालच्या गप्पा ताटांत वाढतां येत नाहींत. असे दोन हिवाळे गेले म्हणजे “तुम्ही जा, मी घरींच बरा” असें तें माणूस आपण होऊन म्हणूं लागतें, आणि घरच्यांसही तें सोयीचें वाटूं लागतें.

या ताटातुटीचें मूळ पुष्कळदां मायेच्या उणिवेंत नसतें. तें खुर्चीच्या पुढच्या दोन चाकांत असतें.

दवाखान्यांतून दिसणारी व्हीलचेअर गुळगुळीत फरशीसाठीं केलेली असते. तिचीं मागचीं चाकें सुमारें ६० सेंटिमीटर व्यासाचीं असतात, पण पुढचीं, जागच्या जागीं वळणारीं चाकें १५ ते २० सेंटिमीटरांचींच. वाटेंत ३ सेंटिमीटर उंचीचा दगड आला असें धरावें. १५ सेंटिमीटर व्यासाचें चाक त्यावर चढविण्यास, त्या चाकावर जेवढा भार असेल त्याच्या सव्वापटीहून अधिक आडवा जोर लागतो. तेंच चाक ६० सेंटिमीटरांचें असेल तर भाराच्या निम्म्याहून कमी जोर पुरतो. गणित साधें भूमितीचें आहे. आणि दगडच साडेसात सेंटिमीटरांचा, म्हणजे लहान चाकाच्या त्रिज्येएवढा निघाला, तर नुसतें पुढें कितीही ढकललें तरी चाक चढावयाचें नाहीं. खुर्ची अडून बसते आणि आंतला माणूस पुढें कोसळण्याची भीति असते. आपल्या सुतारांनीं हें गणित पाटीवर मांडलें नसेल, परंतु बैलगाडीचें चाक त्यांनीं उगीच एवढें थोरलें केलें नाहीं.

दगडाहूनही माती अधिक हट्टी. खानदेशची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व चिकटते. चाकाला मातीचे थर चढत जाऊन शेवटीं तें फिरेनासें होतें. उन्हाळ्यांत तीच जमीन आकसून तिला भेगा पडतात, आणि लहान चाक नेमकें त्यांत शिरतें. जमिनीवर पडणारा दाब भाराला टेकलेल्या क्षेत्रफळानें भागून निघतो. म्हणून ओल्या वाळूंत बकरीचा खूर रुततो आणि उंटाचा पाय तरंगतो. रानवाटेच्या खुर्चीस रुंद आणि कमी हवा भरलेले टायर देतात, ते याच कारणानें.

अशा खुर्च्यांची कुळकथा मनोरंजक आहे. राल्फ हॉचकिस हा अमेरिकन यंत्रज्ञ १९६६ सालीं मोटरसायकलच्या अपघातांत अधू झाला. पुढें १९८० पासून त्यानें निकाराग्वा देशांतील अपंगांबरोबर काम करून खडबडीत वाटांच्या खुर्च्या घडविल्या. पुढचें चाक आणखी पुढें सरकवावयाचें व त्यास रुंद रबर द्यावयाचें, ही त्याची युक्ति. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत एमॉस विंटर यानें निराळाच उपाय योजला. त्याच्या तीनचाकी खुर्चीस दोन उभे दांडे असतात. ते पुढें ढकलले कीं सायकलच्या साखळीनें मागचीं चाकें फिरतात. दांडा वरच्या टोकाशीं धरला तर तरफेचा बाहू लांब होऊन चढावर जोर मिळतो. खालीं धरला तर सपाटीवर वेग मिळतो. गियर काय तो हाताच्या जागेंत! भाग सायकलचे असल्यामुळें गांवचा सायकलवालाही ती दुरुस्त करूं शकेल. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या साह्यानें आपल्या देशांत तिची परीक्षाही झाली आहे. विजेवर चालणारें साधन हवें असल्यास, मद्रासच्या आय. आय. टी. मधून निघालेल्या मंडळींनीं २०२१ सालीं खुर्चीस पुढून जोडण्याचें यंत्र बाजारांत आणलें.

मात्र कुटुंबाच्या दृष्टीनें सर्वांत गोड कथा जोएल क्लोडेल या फ्रेंच डोंगरवाटाड्याची. त्याचा पुतण्या स्नायूंच्या रोगानें चालूं शकत नसे. १९८७ सालीं त्यानें एका चाकाची खुर्ची केली; पुढें एक आणि मागें एक माणूस दांडे धरून चालतो, भार चाकावर राहतो, आणि माणसाएवढी पायवाट असली कीं पुरे. आपल्याकडील डोलीचीच ती चाकावरची बहीण म्हणावयाची.

खानदेशांत जावें कोठें? एरंडोलजवळचें पद्मालय, धुळ्याजवळचें लळिंगचें कुरण, चाळीसगांवची पाटणादेवी हीं ठिकाणें आरंभास बरीं. लळिंगचा किल्ला व पितळखोऱ्याचीं लेणीं मात्र चाकाच्या बळावर गांठण्याच्या भरीस पडूं नये. पाटण्यास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें १२०७ सालीं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, असें तेथील शिलालेख सांगतो. याच आचार्यांनीं पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणाऱ्या चाकाचें वर्णन ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणीं’त केलें आहे. तें चाक आजवर कोणास फिरवितां आलेलें नाहीं. तोंवर भाच्यापुतण्यांचे दंडच कामीं येतील.

निघतांना कांहीं पथ्यें पाळावीं. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. वैशाखांतलें ऊन धडधाकट माणसासही सोसत नाहीं. ज्याच्या पायांस संवेदना नाहीं त्यास तापलेल्या लोखंडाचा चटका कळत नाहीं, म्हणून दांड्यांवर कापड गुंडाळावें. बैठकींत जाड गादी असावी व बसलेल्याचा भार अधूनमधून हलवावा. तीव्र उतारावर खुर्ची पाठमोरी उतरवावी. बाभळीचे कांटे टायरचे जुने वैरी, तेव्हां पंक्चरचें सामान बरोबर हवेंच. आणि खुर्चीस हात लावण्यापूर्वीं बसलेल्यास विचारावें. कोणती वाट धरावयाची हें त्याचेंही मत आहे.

शेतांत पोंचल्यावर खुर्ची वाऱ्याच्या बाजूस उभी करून चाकांस अडसर घालावा, म्हणजे धूर डोळ्यांत जात नाहीं. वांगीं ठेचण्याचें काम तर बसल्या बसल्या करावयाचें. भांडें भक्कम लाकडी खोक्यावर, गुडघ्यांच्या उंचीला ठेवलें आणि ठेचण्याचा दांडा आजोबांच्या हातीं दिला, कीं मिरची किती घालावयाची हेंही तेच सांगूं लागतात.