विसरण्यावर गोळी, की अंबाडीची भाजी?

तब्येत साथ देत नसेल तर म्हाताऱ्या माणसांना रोजा माफ आहे. त्याऐवजी फिदया म्हणून गरिबाला जेवू घालायचे. हे घरोघरी ठाऊक असते. मुलांची चिंता वेगळीच. ‘अब्बांना हल्ली विसरायला होतं, अँटिऑक्सिडंटची गोळी द्या,’ असे ती औषधाच्या दुकानात सांगतात.

वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू वीस टक्के प्राणवायू वापरतो. त्यातून होणारी झीज रोखायला जीवनसत्त्व ई, क लागतात, हे खरे. पण साठीच्या पुढच्या ७,५४० पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमच्या गोळ्यांची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. म्हणजे पुन्हा ताटाकडेच वळायचे.

अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे मणिबेली पाहा. सरदार सरोवराच्या पाण्याने राज्यात सर्वांत आधी गाठलेले हे गाव. सातपुड्यातल्या अशा पाड्यांचे जेवण म्हणजे भाकरी, तुरीची डाळ, अंबाडी, पावसाळ्यातल्या रानभाज्या. शेत आणि जंगल बुडाले की हे ताटही आक्रसते. भरपाईत जमीन मोजतात. रानभाजी कोण मोजणार?

शहरातल्या दस्तरखानावर तर भज्यांचीच गर्दी! आजी-आजोबांपुढे खजूर, फळे, हरभरे आणि वाटीभर पालेभाजी आधी ठेवावी. पाणी इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडे थोडे द्यावे. साखर, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. रोजेदार म्हातारा माणूस दुपारी अचानक असंबद्ध बोलू लागला, तर ते वयाचे विसरणे समजू नये. शरीरातले पाणी किंवा साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी मगरिबची वाट न पाहता रोजा सोडवून दवाखाना गाठावा.