सातबारा शोधायच्या चौकटीतून आख्खा डेटाबेस पळवता येतो का?

समजा, तुम्हाला कागल तालुक्यातल्या बिद्रीचा (हो, साखर कारखान्याचं बिद्री!) सातबारा बघायचा आहे. महाभूलेखची वेबसाइट उघडायची, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा. थोड्या वेळात उतारा मोबाईलवर.

इथे तुम्ही नकळत डेटाबेसला एक प्रश्न विचारलेला असतो. त्याला क्वेरी म्हणतात. बहुतेक डेटाबेसची भाषा एसक्यूएल असते आणि तिच्यात सांगायचं असतं साधारण असं : गाव बिद्री आणि गट नंबर अमुक असलेली ओळ दाखव. गोम अशी, की त्याच भाषेत ‘ती ओळ खोडून टाक’ असंही सांगता येतं. मग कुणालाही उघडता येणाऱ्या पानावर ही सोय सुरक्षित कशी ठेवायची?

पहिली गोष्ट, ब्राउझरला डेटाबेसशी थेट बोलू द्यायचं नाही. मध्ये सर्व्हर हवा. तलाठी कार्यालयात आपण खिडकीतून गट नंबर सांगतो, दप्तर काढतो तो आतला माणूस. तसंच हे.

पण खरा घोळ त्या चिठ्ठीतच होऊ शकतो. नावाने शोधायच्या चौकटीत आपण ‘पाटील’ लिहितो. एखाद्या कच्च्या प्रोग्राममध्ये हा शब्द जसाच्या तसा हुकमात चिकटवला जातो. मग कुणी पाटीलनंतर एक अवतरणचिन्ह टाकून पुढे ‘किंवा १=१’ अशा अर्थाचा एसक्यूएल तुकडा लिहिला तर? अवतरणचिन्हापाशी नाव संपलं असं डेटाबेस समजतो आणि उरलेलं हुकूम म्हणून वाचतो. एक बरोबर एक हे तर प्रत्येक ओळीला लागू! त्यामुळे एका पाटलांऐवजी सगळ्यांचीच माहिती बाहेर. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकर नियतकालिकात हा प्रकार मांडला. इतकी वर्षं झाली, तरी ही चूक अजून होते, हे जरा लाजिरवाणंच.

उपाय मात्र सोपा आहे. हुकूम आधी पक्का करायचा, नावाची जागा रिकामी ठेवायची आणि लोकांनी टाइप केलेलं वेगळं पाठवायचं. या पद्धतीला पॅरामीटर वापरणं म्हणतात. आता चौकटीत काहीही लिहा, ते फक्त नाव म्हणूनच शोधलं जातं. तसल्या विचित्र नावाचा खातेदार नसतो, विषय संपला.

शिवाय शोधणाऱ्या पानाला डेटाबेसचं फक्त वाचण्यापुरतं खातं द्यावं. कागदोपत्रीही हेच आहे ना? उतारा कुणीही बघतो, पण फेरफाराची नोंद तलाठी धरतो आणि मंडळ अधिकारी ती मंजूर करतो.

वाचण्यालाही मर्यादा हवी, नाहीतर एकच अवजड क्वेरी सर्व्हरला घाम फोडते. सायमन विलिसन यांच्या ‘डेटासेट’ या मोफत साधनात लोकांना ब्राउझरमधून स्वतःची एसक्यूएल क्वेरी चालवता येते. ती फक्त वाचण्यापुरती. मूळ सेटिंगनुसार वेळ एक सेकंद, ओळी जास्तीत जास्त १,०००.

तुमच्या दूध संस्थेचा किंवा शाळेचा डेटाबेस तुम्ही पीएचपीमायअॅडमिनसारख्या पानावरून सांभाळत असाल, तर ते पान सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. आणि ‘अपडेट’ चालवण्याआधी तीच अट घालून ‘सिलेक्ट’ चालवा. एक सभासद बदलायचा असताना ४०० ओळी आल्या, तर हात तिथेच थांबवता येतो.